कामवाली हवी, पण नाव कोणतं?

मुस्लिम बाई पाहिजे, स्वयंपाक आणि कपडे-भांडी करायला, नमाजी असेल तर उत्तम, बंगाली नको. मुंब्रा, मीरा रोड, कुर्ला, कोंढवा, कुठल्याही भागातल्या आपल्या महिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशा धाटणीचा मेसेज दिसतो. तो कुणाला खटकत नाही. कुणीतरी लगेच खाली नंबर टाकतं आणि विषय संपतो. हाच मेसेज एखाद्या दुसऱ्या सोसायटीच्या ग्रुपवर 'मुस्लिम नको' असा आला की संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट आपल्या प्रत्येकाच्या फोनवर असतो.

त्या स्क्रीनशॉटवरचा संताप अगदी रास्त आहे. घरकाम हा आपल्या समाजातल्या हजारो बायकांचा पोटापाण्याचा धंदा आहे. विधवा, तलाक झालेल्या, नवरा आजारी किंवा बेकार असलेल्या बायकांना कागदपत्रं आणि डिग्री न मागता मिळणारं हेच पहिलं काम असतं. तिथे नाव आडवं आलं की दुसरा दरवाजा फारसा उरत नाही. म्हणून कुणी शबाना 'सीमा' होते, कुणी फातिमा 'पूजा' होते. बुरखा सोसायटीच्या गेटाच्या आधीच घडी घालून पिशवीत जातो. दिल्ली, नोएडा, मुंबई इथल्या अशा बायकांच्या मुलाखती वर्तमानपत्रांत अनेकदा येऊन गेल्या आहेत.

नाव पाहून दार बंद होतं हा नुसता समज नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा प्रतिसाद कमी मिळाला. 2022 मध्ये लेड बाय फाउंडेशनने अगदी एकसारखा बायोडाटा दोन नावांनी पाठवून पाहिला. प्रियांका शर्मा या नावाला 208 ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबा अली या नावाला 103. म्हणजे निम्म्याहून कमी. ही शिकलेल्या, ऑफिसात अर्ज करणाऱ्या मुलींची गोष्ट. जिथे अर्जच नसतो, दारात उभं राहून नाव सांगायचं असतं, तिथे काय होत असेल ते मोजायला कुणी गेलेलं नाही.

नाव लपवण्याची पाळी फक्त आपल्याच बायकांवर येते असंही नाही. पुण्यात सप्टेंबर 2017 मध्ये हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. आरोप असा, की ती ब्राह्मण आणि सुवासिनी असल्याचं खोटं सांगून गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक करत होती. ती मराठा निघाली. महाराष्ट्रभर ओरड झाली, नंतर तक्रार मागे घेतली गेली. पण शिजवणाऱ्या हाताची जात विचारली जाते हे त्या एका प्रकरणाने सगळ्यांसमोर मांडलं, आणि पोटासाठी ती लपवावी लागते हेही.

कायदा यात कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत भेदभाव करू देत नाही. खाजगी घरात कुणाला कामावर ठेवायचं, कुणाला नाही, यावर कायदा गप्प आहे. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली होती, तो आयोग आजपर्यंत झाला नाही. तेव्हा 'मुस्लिम नको' म्हणणाऱ्या घरमालकिणीवर कुठलाही खटला उभा राहू शकत नाही. आणि 'मुस्लिमच हवी' म्हणणाऱ्या आपल्यावरही नाही. दोघीही कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणूनच हा प्रश्न कोर्टात जाण्याआधी आपल्या उंबऱ्यावर येऊन थांबतो.

गरज कुठली, आवड कुठली

इथे लगेच कुणी म्हणेल, आपल्या घरच्या गरजा खरंच वेगळ्या असतात, त्याला भेदभाव कसा म्हणायचा? बरोबर आहे, असतात. घरात मटण-मच्छी रोज नसली तरी आठवड्यातून चारदा शिजते. मटण हलालच लागतं, ते दुकान ठरलेलं असतं. भांडी आणि कपडे पाक करण्याची आपली एक पद्धत आहे. जानमाज अंथरलेली असताना तिच्यावरून ओला पोछा फिरवायचा नसतो. कुरआन ठेवलेल्या कपाटाची झाडपूस कशी करायची ते सांगावं लागतं. घरात सासूबाई पडद्यात असतात. रमजानमध्ये कामाच्या वेळा पूर्ण उलट्या होतात. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

पण यातली एकही गोष्ट नीट पाहिली तर धर्माची नाही, कामाची आहे. ज्या बाईला नऊवारी नेसलेली आजी असते तिलाही मटण स्वच्छ धुता येतं. ज्या बाईचं नाव आयेशा आहे तिला पाक-नापाकचा फरक माहीत असेलच असं नाही. आपण 'मुस्लिम पाहिजे' असं लिहितो तेव्हा पाच कामांची यादी करायचा कंटाळा आलेला असतो, इतकंच. शिवाय नावामागे लपवलेल्या आणखी गोष्टी असतात, त्या आपण मोठ्याने बोलत नाही: अमुक बिरादरीची नको, युपी-बिहारची नको, काळा बुरखा घालणारी असेल तर विश्वास बसतो. साफसफाईला येणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं आपल्यातही आहेत, आणि ती अशिक्षितांचीच आहेत असं नाही.

हाताने शिजवण्याची शंका काही घरांत मनापासून असते. त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना जरूर विचारावं. सर्वसाधारण उत्तर बहुतेकांना ठाऊक आहे: जिन्नस हलाल, भांडी पाक, मग शिजवणारा हात मुसलमानाचा नाही म्हणून अन्न हराम होत नाही. मटण हलाल आणायची जबाबदारी घरमालकाची, ती कामवालीवर टाकायचीच नाही.

आणि सीरतमधली हिजरतची घटना तर आपल्या मुलांनाही पाठ असते. मक्केहून मदिनेकडे निघताना कुरैशांनी पकडून देणाऱ्याला शंभर उंटांचं इनाम लावलं होतं. त्या जिवावरच्या प्रवासात वाट दाखवायला प्रेषितांनी (स.) आणि हजरत अबूबकर यांनी मोलाने ठेवलेला माणूस होता अब्दुल्लाह बिन उरैकित. तो त्या वेळी मुसलमान नव्हता. त्याला वाट माहीत होती आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येत होता, एवढंच पाहिलं गेलं. प्रेषितांची सेवा करणाऱ्यांत एक यहुदी मुलगाही होता, तो आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याची विचारपूस करायला गेले. धुणी-भांड्यांना माणूस ठेवताना आपण यापेक्षा कडक अट लावतो, याचं थोडं आश्चर्य वाटायला हवं.

मावशींची बाजू

मिश्र सोसायटीत राहणाऱ्या आपल्या घरांचा उलटा प्रश्न असतो: बाई येतच नाही. पुण्यात, नवी मुंबईत, ठाण्यात नवा फ्लॅट घेतलेल्या कुटुंबांकडून हे सर्रास ऐकू येतं. कुणी 'तुमच्याकडे मोठ्याचं असतं ना' म्हणून नकार देतं, कुणी दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी खाडा करतं आणि पुन्हा फोन उचलत नाही. यातला काही भाग निव्वळ पूर्वग्रहाचा आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशहत्या बंदी आहे, तरी शंका आपल्याच फ्रिजवर. पण सगळा नकार द्वेषातून येतो असं समजायचं कारण नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेली माळकरी मावशी मटणाच्या भांड्याला हात लावणार नाही, ती तिच्या श्रद्धेची गोष्ट आहे. आपण सुव्वरच्या मांसाचं भांडं घासू का? मग तिलाही तितकीच मोकळीक हवी.

अशा घरांत ज्यांचं वर्षानुवर्षं निभतं त्यांची पद्धत साधी असते. पहिल्याच दिवशी सगळं बोलून टाकायचं. घरात काय शिजतं, कोणती भांडी तुम्ही घासायची, कोणती आम्ही घासू. माळकरी मावशी असेल तर केर-लादी, कपडे, चपात्या तिच्याकडे, मटणाची पातेली घरच्यांकडे, आणि पगार त्या हिशेबाने ठरवायचा. श्रावणात आणि नवरात्रात तिचे उपास असतात, तेव्हा चहा-फराळ विचारून द्यायचा. बकरी ईदच्या तीन दिवसांची कल्पना पंधरा दिवस आधी द्यायची, आणि तिला त्या दिवसांत यायचं नसेल तर पगारी सुट्टी द्यायची. ईदचा शीरखुर्मा ती आवडीने नेते, मटण नेणार नाही. वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

मुस्लिम बाई कामाला असेल तर तिच्या अडचणी आणखी वेगळ्या. जुहरच्या नमाजला दहा मिनिटं आणि स्वच्छ कोपरा आपल्याच घरात तिला मागावा लागत असेल, तर 'नमाजी बाई पाहिजे' ही अट कशासाठी होती? घरात फक्त पुरुष असतील तेव्हा तिला कामाला यायचं नसतं, हे तिने सांगण्याआधी आपणच वेळ ठरवताना लक्षात घ्यायला हवं. आणखी एक गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत असते. 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा घरकामगारांनाही लागू आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

बंगाली म्हणजे बांगलादेशी?

त्या मेसेजमधले शेवटचे दोन शब्द, 'बंगाली नको', हे अलीकडचे आहेत. 16 जानेवारी 2025 ला अभिनेता सैफ अली खान यांच्यावर घरात हल्ला झाला, अटक केलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि मुंबईत घरकामगारांच्या कागदपत्रांची चर्चा एकदम तापली. त्याच वर्षी जुलैमध्ये गुरुग्रामला बंगाली बोलणाऱ्या मजुरांना कागद तपासायला ताब्यात घेतलं गेलं. भीतीने कितीतरी कुटुंबं सामान बांधून गावी गेली, आणि तिथल्या उंच टॉवरांत काम करायला माणूस मिळेना. त्याआधी, जुलै 2017 मध्ये, नोएडाच्या एका मोठ्या सोसायटीत कामवालीवरून दंगा झाला. ती बाई बंगालमधल्या कूचबिहारची होती, तरी तिला बांगलादेशी म्हणून झालं.

मुर्शिदाबाद, मालदा, नादिया या जिल्ह्यांत लाखो मुसलमान राहतात, त्यांची मायबोली बंगाली आहे आणि ते आपल्याइतकेच भारतीय आहेत. आपल्याला कुणी उर्दू बोलण्यावरून पाकिस्तानी म्हटलं की जे वाटतं, तेच त्या बाईला वाटत असणार. पोलीस पडताळणी जरूर करावी, ती घरातल्या सगळ्यांच्या सुरक्षेसाठी असते आणि घरमालकाच्या हिताचीही आहे. ती सगळ्यांची करावी, फक्त बंगाली उच्चारांची नाही. ओळखपत्राची प्रत घ्यावी, मूळ कार्ड काढून घेऊन कपाटात ठेवू नये. नागरिकत्वाचा निवाडा करणं हे सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम नाही, आपलंही नाही.

बाई शोधण्याचे मार्गही बदलत आहेत. पूर्वी शेजारीण सांगायची किंवा वॉचमन आणून द्यायचा. मग ब्यूरो आले, कमिशन घेऊन बाई पाठवणारे, आणि तिथे फॉर्ममध्ये धर्माचा रकाना आला. आता ॲप आले आहेत. मार्च 2025 मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत 15 मिनिटांत मदतनीस पाठवायची 'इन्स्टा मेड्स' सेवा काढली, सुरुवातीचा दर तासाला 49 रुपये. 'मेड' शब्दावर आणि दरावर टीका झाली तेव्हा नाव 'इन्स्टा हेल्प' केलं. ॲपवर बाई निवडून मिळत नाही, जी जवळ असेल ती येते. यात धर्म विचारायची सोय कमी होते हे चांगलं. पण ओळख, माया, अडीअडचणीला दिलेली उचल, आजारपणात आणून दिलेला डबा, हेही त्यात बसत नाही.

पगार, जकात आणि गावाकडची मुलगी

एका बाबतीत आपल्या घरांना जरा कठोरपणेच सांगायला हवं. गावाकडून, बहुतेक वेळा नात्यातल्या किंवा ओळखीतल्या गरीब घरातून, बारा-तेरा वर्षांची मुलगी आणून ठेवायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. शिकवू, कुरआन पढवू, लग्न लावून देऊ, असं तिच्या अम्मीला सांगितलेलं असतं. तिचा दिवस सहेरीच्या आधी सुरू होतो आणि सगळे झोपल्यावर संपतो. पगार विचारला तर उत्तर येतं, ती घरचीच आहे ना. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची कमाई अडवून ठेवणं, त्याला बांधून ठेवणं हा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 79 प्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. घरच्या मुली शाळेत जातात. ही जात नसेल तर ती घरची नाही.

दुसरी गोष्ट जकातची. रमजानच्या शेवटी कामवालीला जकातचे पैसे देणं चांगलंच, ती हकदार असेल तर तिचा हक्क पहिला. पण वर्षभर पगार कमी ठेवायचा, दिवाळी-ईदचा बोनस टाळायचा आणि जकात देऊन भरपाई केली असं मानायचं, हे जकातही नाही आणि पगारही नाही. मजुरी हे कर्ज असतं, ते घाम सुकायच्या आत फेडायचं, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात दर वर्षी ऐकतो. हजरत अनस यांनी दहा वर्षं प्रेषितांची सेवा केली आणि त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही 'उफ्' ऐकून घ्यावं लागलं नाही, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. आपल्याकडे इफ्तारच्या घाईत अर्ध्या तासात काय काय बोललं जातं ते त्या बाईला विचारावं.

आखातात राहून आलेल्या कोकणातल्या घरांना तर लेखी करार नवा नाही. कुवेतने 2015 च्या कायद्याने घरकामगारांना लेखी करार आणि आठवड्याची सुट्टी दिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या ठराव क्रमांक 189 मध्येही आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी आहे. भारताने त्या ठरावाला अजून मान्यता दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 ला केंद्राला घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमायला सांगितलं. ते काम दिल्लीत जेव्हा व्हायचं तेव्हा होईल. तोवर एका वहीच्या पानावर कामं, वेळ, पगाराची तारीख, महिन्याच्या चार सुट्ट्या, ईद किंवा दिवाळीचा बोनस आणि काम सोडण्याआधी दोन्हीकडून एक महिन्याची सूचना एवढं लिहून दोघींनी सही केली तरी रोजच्या निम्म्या कटकटी मिटतात. रमजानचे तास त्यात वेगळे लिहावेत. इफ्तारला उशिरापर्यंत थांबवलं तर त्याचे जास्तीचे पैसे, आणि ती रोजा ठेवणारी असेल तर मगरिबच्या आधी तिला तिच्या घरी पोचता येईल अशी वेळ.

आणखी एक सही आहे. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालं. 18 ते 60 वयाच्या घरकामगाराची नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते, आणि नोंदणी असेल तरच मंडळाच्या योजनांचा लाभ मिळतो. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, तिथे घरकामगारांची संख्या शेतमजुरांच्या खालोखाल आहे. मंडळाच्या नोंदणीसाठी बाई आपल्याकडे कामाला आहे असं घरमालकाने लिहून द्यावं लागतं. आणि तिथेच गाडी अडते. उद्या काही झालं तर, टॅक्स लागला तर, पोलीस आले तर, अशा शंकांनी आपल्यातल्या चांगल्या चांगल्या घरांत तो कागद तसाच परत जातो. त्यावर सही केल्याने घरमालकाला कुठलाही कर लागत नाही. मोहल्ल्यातल्या जमातीने, महिला मंडळाने एखाद्या रविवारी मशिदीच्या हॉलमध्ये टेबल लावून फॉर्म भरून घेतले तर एका दुपारी पन्नास-साठ बायकांचं काम होईल, शबानाचंही आणि मावशींचंही. फॉर्मवर नाव मात्र खरं लिहावं लागतं.